गाडी बसली की शॉकअप गेले?

पावसाळा सरला की गॅरेजात सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे "खालून आवाज येतो". मेकॅनिक गाडी गल्लीतून फिरवून आणतो, चारही शॉकअप गेलेत म्हणतो, "काढलंच आहे तर स्प्रिंगापण टाकून घ्या" असं सुचवतो, आणि मालक मान डोलावतो. कधी हा सल्ला बरोबर असतो. पण पुष्कळदा तीन-चारशे रुपयांची लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनमधली छोटी जोडदांडी, बदलून काम भागलं असतं. उलटही घडतं. शॉकअप खरोखरच संपलेले असतात आणि मालक वर्षभर फक्त टायरच बदलत राहतो.

सगळ्याच्या मुळाशी एक फरक आहे, तो पक्का ध्यानात ठेवा. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. स्प्रिंगची हालचाल शॉकअप थांबवतो. खड्ड्यातून गेल्यावर स्प्रिंग दबते, उसळते, परत दबते. तिला मोकळं सोडलं तर ती झोपाळ्यासारखी हेलकावत राहील. शॉकअपमधलं तेल बारीक झडपांतून ढकललं जातं, त्या घर्षणात हेलकाव्याची ताकद उष्णतेत जिरते आणि गाडी शांत होते. म्हणून बसलेली गाडी नवीन शॉकअपनं उठत नाही. डुलणाऱ्या गाडीला कडक स्प्रिंग दिली तर डुलणं थांबत नाही, फक्त जास्त वेगानं होतं. रोज ऑफिसला, शाळेला, बाजाराला नेण्याच्या गाडीसाठी माझं मत स्पष्ट आहे: स्प्रिंग कंपनीच्याच मापाची ठेवा, पैसा चांगल्या शॉकअपवर घाला, आणि सोबतचे रबरी भाग एकही न वगळता नवे टाका. हे कसं ठरवायचं, ते आता क्रमानं पाहू.

उदाहरणाला स्विफ्ट घेऊ, कारण तिची मांडणी आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांसारखीच आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरनं १९४० च्या दशकात ही पुढची रचना मांडली. शॉकअप मधोमध, त्याच्याभोवती स्प्रिंग, वरच्या टोकाला बॉडीला बोल्ट केलेलं रबरी माउंटिंग, आणि हा सगळा खांब स्टेअरिंगबरोबर फिरणारा. त्यामुळे पुढचा शॉकअप किंवा स्प्रिंग, काहीही बदलायचं झालं तरी अख्खा खांब उतरवावा लागतो आणि मजुरी तेवढीच पडते. मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे बसतात, तिथलं काम सोपं असतं. खर्चाचा हिशेब करताना हे लक्षात असू द्या.

आधी खरंच गेलेत का ते बघा

पहिलं काम टायरची हवा. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आकडा असतो. गाडी थंड असताना तेवढी हवा भरा आणि मगच बाकीची तपासणी करा. पंपावरच्या मुलानं सवयीनं सगळ्या गाड्यांना एकच जास्तीचा आकडा भरलेला असतो, आणि अर्ध्या लोकांची "गाडी फार आपटते" ही तक्रार तिथेच संपते.

मग आवाज. बंद कॉलनीत, काचा खाली करून, अगदी हळू चालवा. बारीक खडीवर पुढून कट-कट येत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर घ्या. उभ्या गाडीत स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवताना स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा टण् आवाज आला तर वरचं माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग गेलंय. ब्रेक मारताना आणि सोडताना एकेक ठोका येत असेल तर लोअर आर्मचे बुश, म्हणजे रबरी सांधे, पाहा. शॉकअपचा म्हणून ओळखता येईल असा आवाज गतिरोधकावरून उतरताना येतो. चाक खाली लोंबतं, आत तेलाचा आधार उरलेला नसतो, आणि दांडा शेवटच्या टोकाला जाऊन आदळतो.

बॉनेटवर दोन्ही हातांनी जोर देऊन सोडायची जुनी चाचणी बहुतेकांना ठाऊक असते. ती एकाच बाबतीत भरवशाची आहे: गाडी दोन-तीनदा वरखाली झाली तर शॉकअप नक्की संपलेत. पण एका झटक्यात थांबली म्हणून शॉकअप चांगले आहेत असं समजू नका. सांध्यांचं आणि बुशांचं घर्षणसुद्धा एवढी छोटी हालचाल थांबवू शकतं. त्यापेक्षा ओळखीचा एक गतिरोधक निवडा आणि १५-२० च्या वेगानं त्यावरून जा. कुणाला तरी बाहेर उभं करून बाजूनं बघायला सांगा. नाक एकदा उठून स्थिर झालं पाहिजे. दुसऱ्यांदा उठत असेल तर काम निघालं.

आता चाकाच्या मागे टॉर्च मारा. शॉकअपच्या अंगावर धूळ चिकटलेला हलका ओलसर थर असेल तर घाबरू नका. दांड्यावर तेलाची पातळ फिल्म राहावी लागते, त्यातली थोडी बाहेर येतेच. पण पुसल्यावर चार दिवसांत परत ओला झाला, तेल खालच्या टोकापर्यंत ओघळलं, तर सील गेलं. मेकॅनिक त्याला "तेल सोडलंय" म्हणतात, आणि त्या शब्दावर विसंबण्याऐवजी स्वतः बोट फिरवून बघा. शेवटी टायरवरून उघडा तळहात गोल फिरवा. रबर ठिकठिकाणी खोलगट, उंचसखल लागत असेल, तर ते चाक रस्त्यावर नीट टेकत नसून बारीक उड्या मारत चाललंय. ही खूण आवाजापेक्षा खरी.

किलोमीटरवरून निर्णय घेऊ नका. ८०,००० च्या आसपास शॉकअप तपासून घ्यावेत असं साधारण सांगितलं जातं, आणि तो तपासणीचा आकडा म्हणून ठीक आहे. कारवार-पणजीच्या हायवेवर धावलेली गाडी आणि रोज खोदकामातून जाणारी शहरातली गाडी यांचे ८०,००० सारखे नसतात.

उंची मोजून लिहून ठेवा

स्प्रिंगबद्दलचा निर्णय डोळ्यांनी घेता येत नाही, टेप लागतो. सपाट जागा शोधा. सोसायटीच्या पार्किंगला बहुधा उतार असतो, पेट्रोल पंपाचं काँक्रीट बरं. गाडी रिकामी, टाकी अर्धी, हवा बरोबर. चाकाच्या मध्यबिंदूपासून थेट वर मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. जमिनीपासून मोजू नका, कारण मग टायर किती झिजलाय आणि हवा किती आहे ते मापात मिसळतं. चारही आकडे कागदावर घ्या. मग घरची मंडळी आणि गावाला जाताना असतं तेवढं सामान भरून परत मोजा.

आता आकडे वाचा. डावं-उजवं ५-७ मिलिमीटरनं इकडेतिकडे असणं साधं आहे. नेहमी एकट्यानं चालवलेल्या गाडीची ड्रायव्हरची बाजू किंचित बसतेच. फरक १५ च्या पुढे गेला तर त्या बाजूच्या स्प्रिंगचा शेवटचा वेढा तुटलाय का ते बघा. समुद्रकाठच्या गाड्यांत, मुंबई-रत्नागिरी-गोव्याकडे, हे विशेषतः आढळतं. स्प्रिंग टेकते त्या खालच्या बशीत खारं पाणी आणि चिखल साचतो, रंग निघतो, गंज तार खात जातो आणि एखाद्या दिवशी ती खालच्या टोकाला तडकते. तुकडा बशीतच बसून राहतो, त्यामुळे गाडी चालत राहते आणि मालकाला कळतही नाही. हे दिसलं तर तपासणी तिथेच थांबवा, गाडी गॅरेजला न्या. सुटलेलं टोक टायरला लागू शकतं.

भरलेल्या गाडीचा आकडा दुसरी गोष्ट सांगतो. मागे वाकून बंप स्टॉपकडे बघा. हा रबराचा किंवा फोमचा ठोकळा स्प्रिंग पूर्ण दबली की धक्का घेतो. भरलेल्या गाडीत त्याच्यात आणि समोरच्या पत्र्यात दोन बोटांची जागाही उरत नसेल, तर मागची स्प्रिंग थकली आहे किंवा गाडीत नेहमीच जास्त ओझं आहे. दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

ओझं कुठलं, रस्ता कुठला

ही पायरी पाच मिनिटांची आहे, पण वगळू नका. गाडीत रोज किती माणसं, किती सामान, कुठला रस्ता, ते चार ओळींत लिहा. हिंजवडीला एकटं जाणं-येणं आणि महिन्यातून एकदा ताम्हिणी उतरून कोकणात जाणं, याला वेगळं काही लागत नाही. कंपनीनं गाडी त्याच बेतानं बनवलेली असते. फरक पडतो तो कायमच्या ओझ्यानं, आणि त्यातलं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. लोखंडी टाकी, ब्रॅकेट आणि गॅस धरून डिकीत साठ-सत्तर किलोंची भर पडते आणि ती कधीच उतरत नाही. मागची प्रत्येक स्प्रिंग २० न्यूटन प्रति मिलिमीटरची धरली, तर एवढ्यानं मागची बाजू साधारण १५ मिलिमीटर खाली येते. म्हणजे दोन माणसं मागे बसण्याआधीच तेवढी चाल खर्ची पडली. अशा गाडीला त्याच मॉडेलच्या कारखान्यातून येणाऱ्या सीएनजी आवृत्तीची मागची स्प्रिंग बसते का, ते पार्ट काउंटरवर विचारा. बसत असेल तर तीच घ्या. ओझं ध्यानात घेऊन केलेली ती स्प्रिंग आहे, आणि तिला कुठलाही जुगाड लागत नाही.

स्प्रिंग निवडताना

इथे थोडं गणित करू, कारण दुकानातला गोंधळ त्यानंच सुटतो. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. १२ मिलिमीटरऐवजी साडेबारा मिलिमीटर तार घेतली, बाकी सगळं तेच ठेवलं, तरी स्प्रिंग जवळजवळ १८ टक्के कडक होते. अर्धा मिलिमीटर डोळ्याला दिसतसुद्धा नाही. म्हणून "सेम टू सेम आहे साहेब" या शब्दावर लोकल स्प्रिंग घेऊ नये. दुकानदार खोटं बोलत नसेल, पण त्यालाही ते दिसत नाही.

गाडीच्या एका कोपऱ्यावर २५० किलो वजन आणि तिथे २० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग धरली, तर गाडी सेकंदाला साधारण १.४ हेलकावे घेण्याच्या स्वभावाची होते. सेकंदाला एक ते दीड या टप्प्यात माणसाला बरं वाटतं. स्प्रिंग ३० टक्क्यांनी कडक केली की आकडा १.६ वर जातो, आणि तिला आवरायला शॉकअपही सुमारे १४ टक्के जास्त जोराचा हवा. जुनाच शॉकअप ठेवून कडक स्प्रिंग टाकणाऱ्यांच्या गाड्या म्हणूनच दगडासारख्या लागतात आणि तरीही डुलतात.

वेढा कापून गाडी खाली करणं अजून चालतं, ते पूर्ण चुकीचं आहे. साडेपाच चालत्या वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग २२ टक्के कडक होते, लांबी कमी होते, आणि कापलेलं टोक बशीच्या खाचेत बसत नाही. गॅस कटरनं तापवून बसवलेल्या स्प्रिंगचं तर पोलादाचं पाणीच उतरतं. ती पुढे बसतच जाते. दोन वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर ग्राउंड क्लिअरन्स वाढवतात म्हणून विकले जातात. रबर तिथल्या वेढ्यांना हलू देत नाही, उरलेल्यांवर ताण पडतो आणि स्प्रिंग नेमकी बफरच्या कडेला थकते. एका लग्नाच्या प्रवासापुरते लावून काढून टाकायचे असतील तर मी वाद घालणार नाही. कायमचे लावू नका.

गाडी खाली करणाऱ्या स्प्रिंगांबद्दल तरुण मंडळी हमखास विचारतात. ट्रॅकवर त्यांना जागा आहे. आपल्या रस्त्यावरचं गणित असं: इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोल माथ्याचा असावा, म्हणजे गाड्या २५ च्या वेगानं त्यावरून सुखरूप जातील. गावोगावी डांबराचे ढीग टाकून केलेले गतिरोधक उंचीला तेवढेच आणि रुंदीला हातभर असतात. समजा, बंप स्टॉपला टेकेपर्यंत स्प्रिंगला ८० मिलिमीटर चाल आहे. ४० नं गाडी खाली केली तर अर्धी चाल गेली आणि उरलेला धक्का बॉडीला आणि पाठीला. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मर्यादा घालतं, आणि अपघातानंतर विमा कंपनी बदल केलेल्या भागावर बोट ठेवू शकते. रोजच्या गाडीला हा त्रास कशाला?

मग कुठली स्प्रिंग घ्यायची? उत्तर चेसिस नंबरात आहे. आरसी बुकाचा फोटो काउंटरवर दाखवा आणि त्या नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या. फक्त मॉडेलचं नाव सांगितलं तर चुकीची स्प्रिंग मिळू शकते. डिझेल स्विफ्टचं इंजिन पेट्रोलपेक्षा बरंच जड, म्हणून तिची पुढची स्प्रिंग वेगळी. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असला तरी फरक पडू शकतो. स्प्रिंगवर रंगाचे ठिपके किंवा पट्टे असतात. ती कारखान्याची खूण, जुन्यावर दिसत असेल तर फोटो काढून नव्याशी ताडून बघा. आणि मोजमाप चांगलं आलं असेल, तार गंजलेली नसेल, तर जुनी स्प्रिंग निःशंक ठेवा. चांगली स्प्रिंग शॉकअपपेक्षा खूप जास्त टिकते.

शॉकअप निवडताना

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. साधा तेलाचा, दोन नळ्यांचा. त्याच रचनेत वरती कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला. आणि एकाच नळीत जास्त दाबाचा गॅस भरलेला, ज्याला मोनोट्यूब म्हणतात.

साध्या तेलाच्या शॉकअपचं दुखणं खराब रस्त्यावर उघड होतं. सलग खड्ड्यांत दांडा भराभर वरखाली होतो, तेलात हवा मिसळून फेस होतो, आणि फेसाला झडप अडवू शकत नाही. कमी दाबाचा गॅस तेलावर सतत दाब ठेवून हा फेस होऊ देत नाही. किंमत थोडीच जास्त, म्हणून रोजच्या गाडीला हाच घ्या. मोनोट्यूब उष्णता लवकर बाहेर टाकतो, लांब घाटात त्याची पकड छान असते, पण पिस्टन थेट बाहेरच्या नळीवरून सरकतो. उडालेल्या दगडानं नळीला पोचा पडला की शॉकअप संपला. दोन नळ्यांच्या शॉकअपला तोच पोचा बहुधा सोसतो. खडीच्या, तुटक्या रस्त्यांवरच्या गाडीला मी मोनोट्यूब सुचवत नाही. उंची आणि कडकपणा फिरवून बदलायचे महागडे कॉइलओव्हरही इथे नकोत. त्यांच्या आट्यांत आपला चिखल बसला की वर्षाच्या आत ते फिरेनासे होतात.

नाव कुठलं? कंपनीच्या डब्यातला भाग सर्वांत निश्चिंत. नाहीतर ज्या उत्पादकांचा माल गाड्यांच्या कारखान्यांत जातो, त्यांचाच बाजारात येणारा माल बघा. गॅब्रिएल इंडिया १९६१ पासून या कामात आहे आणि आज तिचं मुख्य ठाणं आपल्या चाकणलाच आहे. मन्रो, केवायबी हीसुद्धा जुनी नावं. तुमच्या गाडीचा पार्ट नंबर त्यांच्या कॅटलॉगमध्ये आहे का, एवढंच बघायचं. नाव ओळखीचं असूनही कॅटलॉगमध्ये नंबर नसेल तर "बसवून देतो" या आश्वासनावर घेऊ नका. ठोकून, तेल भरून परत विकलेले रिकंडिशन शॉकअप तर बिलकूल नकोत. भोक पाडून, तेल घालून, वेल्डिंग करून वरून काळा रंग मारलेला असतो. आत झडपा तशाच झिजलेल्या.

डबा काउंटरवरच उघडा. नवे शॉकअप दुकानात आडवे पडून असतात, म्हणून आतली हवा इकडेतिकडे गेलेली असते. उभा धरून दांडा सावकाश पूर्ण खाली दाबा, पूर्ण वर ओढा, असं चार-पाच वेळा करा. आता दाबताना आणि ओढताना जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा लागला पाहिजे. मध्येच रिकामी जागा लागली तर तो परत करा. गॅसचा असेल तर सोडल्यावर दांडा आपोआप हळूहळू वर येतो. दांड्याचा क्रोम आरशासारखा, वेल्डिंग सरळ, छापील किंमत आणि बॅच नंबर डब्यावर आणि नगावर एकच. पुढचे डावे-उजवे वेगळे असतात, ब्रेकच्या नळीचं आणि लिंक रॉडचं ब्रॅकेट ज्या त्या बाजूला वळलेलं असतं. दोन्ही डावेच हातात पडले नाहीत ना, हे पैसे देण्याआधी बघून घ्या.

जोडीनंच बदला: पुढचे दोन किंवा मागचे दोन. एकच नवा टाकला तर ब्रेक मारताना किंवा वळणात गाडीची एक बाजू वेगळी वागते. चारही एकाच वयाचे असतील तर चारही बदला. पैसे एकदम नसतील तर जी बाजू वाईट ती आधी.

छोटे भाग, ज्यांच्यावर सगळं अवलंबून

इथे कंजूषपणा केला की नवा शॉकअप वर्षभरात परत गेलेला दिसतो. कारण अगदी जवळून पाहण्यासारखं आहे. दांड्याभोवती घडीघडीचं रबरी डस्ट कव्हर असतं. ते फाटलं की दांड्यावर धूळ बसते. पावसात ती ओली होते, उन्हात वाळते, वाळूचा कण क्रोमला चिकटून राहतो. पुढच्या खड्ड्यात दांडा आत जाताना तोच कण सीलच्या ओठावरून घासत जातो आणि केसाएवढी उभी रेघ उमटते. मग प्रत्येक वेळी त्या रेघेतून तेलाचा एक थेंब बाहेर. सगळं दीड-दोनशे रुपयांच्या रबरामुळे.

डस्ट कव्हरच्या आत बंप स्टॉप असतो. जुन्या गाडीत तो बोटांनी चुरगळतो, भिजलेल्या बिस्किटासारखा हातात येतो. तो नसेल तर शॉकअप पूर्ण दबल्यावर लोखंड लोखंडावर आदळतं आणि आतली तळाची झडप तुटते. वरचं माउंटिंग, त्यातलं बेअरिंग, स्प्रिंगच्या वरखालच्या रबरी बशा आणि दांड्याचा सेल्फ लॉकिंग नट, हेही नवे घ्या. लिंक रॉड हातानं हलवून ढिली वाटली तर तीही. एकूण यादीचा भाव आधी लिहून घ्या: शॉकअप, हे सगळे रबर, मजुरी, अलाइनमेंट. मग दोन गॅरेजांची तुलना खरी होते.

बसवण्याच्या दिवशी

स्प्रिंग स्ट्रटमध्ये दाबून बसवलेली असते. ती स्प्रिंग कॉम्प्रेसरनं दोन्ही बाजूंनी सारखी दाबल्याशिवाय वरचा मधला नट कुणीही ढिला करू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जीव जाऊ शकतो. हे काम घरी करायचं मनात असेल आणि चांगला कॉम्प्रेसर नसेल, तर स्ट्रट उतरवून गॅरेजात द्या. गाडी जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, आधाराला घोडी लावा.

जुनी स्प्रिंग ज्या खाचेत बसली होती, नवी त्याच खाचेत टेकवा. टोक बोटभर पुढेमागे असलं तरी उंची आणि आवाज दोन्ही बिघडतात. दांड्याचा नट हातपान्यानं आवळा. एअर गनचा ठोका दिला की दांडा गरगर फिरतो आणि सील पहिल्याच दिवशी दुखावतं. दांडा पकडीत धरून फिरू न देण्याची सवय काही गॅरेजांत आहे, ती बघितलीत तर लगेच थांबवा. क्रोमवर पकडीचा एक दात पुरतो.

मागच्या शॉकअपचा खालचा बुश चाकं लोंबत असताना पूर्ण आवळू नका. बोल्ट हातानं लावा, गाडी चाकांवर उतरवा, मग सर्व्हिस मॅन्युअलमधल्या जोरानं आवळा. नाहीतर बुश कायमचा पिळलेला राहतो, लवकर फाटतो, आणि मागून करकर येते.

पुढचा स्ट्रट काढला की चाकाचा कोन हलतोच. व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी करा आणि छापील रिपोर्ट मागा. मागच्या स्प्रिंगा बदलल्या असतील तर हेडलाइटची उंचीही भिंतीसमोर तपासा; मागची बाजू वर आली की उजेड रस्त्यावर जवळ पडायला लागतो.

जुने भाग डिकीत टाकून घरी न्या. ते पाहिल्यावर कळतं की काय खरोखर गेलं होतं.

पहिले पाचशे किलोमीटर

काम झाल्यावर गाडी कडक वाटेल, कारण तुमच्या अंगाला ढिलेपणाची सवय झालेली असते. आठवडाभर थांबा. तरीही छोट्या खड्ड्यांत टक्क जाणवत असेल तर परत टायरची हवा बघा, मग बुश आवळण्याची पद्धत. आवाज आला तर वरचं माउंटिंग नीट बसलंय का ते आधी तपासा, नव्या कामात तिथेच चूक होते.

पाचशे किलोमीटरनंतर त्याच पंपाच्या काँक्रीटवर, तेवढ्याच हवेवर, चारही उंच्या पुन्हा मोजा. नव्या स्प्रिंगा सुरुवातीला काही मिलिमीटर बसतात, ते ठीक. एका बाजूला १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर स्प्रिंगचं टोक खाचेतून सुटलंय का ते बघून घ्या आणि स्ट्रटचे बोल्ट टॉर्क पान्यानं परत तपासा. उंची बदलली असेल तर अलाइनमेंट पुन्हा एकदा करून घ्यावी लागेल.